दावणीची मोटार

मोटार चालवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, आणि मोटार चालत नाही म्हणून कपाळाला हात लावणारी त्याहून जास्त पाहिली. पण मोटार पाळणारा माणूस उभ्या सातारा जिल्ह्यात एकच झाला आणि तो नेमका माझ्या मावशीचा नवरा निघाला. याला मी नशीब म्हणतो. चांगलं की वाईट ते अजून ठरवलेलं नाही. आमचे हे काका रहिमतपूरला राहायचे. पहिल्या लढाईत ते खेचरांच्या पलटणीत होते. कुठल्याशा वाळवंटात चार वर्षं त्यांनी खेचरांना दाणापाणी केलं, त्यांच्या खुरांना तेल लावलं, त्यांच्या लाथा खाल्ल्या आणि पेन्शन घेऊन गावी येऊन बैल-म्हशींत रमले. त्यामुळं चार पायांच्या प्राण्याबद्दल त्यांना न कळणारं असं काही उरलंच नव्हतं. तेच शास्त्र चार चाकांनाही लागू पडतं असं त्यांचं ठाम मत होतं, आणि त्या मतापायी माझ्या आयुष्यातल्या दोन पावसाळी सुट्ट्या खर्ची पडल्या. मी तेव्हा साताऱ्यात मास्तर होतो, बिनलग्नाचा होतो आणि 'नाही' म्हणायला मला जमत नसे. एवढ्या पात्रतेवर काकांनी मला हँडल मारायला नेमलं.

आता पेन्शनीतल्या माणसाला मोटारीचं खूळ सुचावं का, तर त्याला कारण होतं शालन. ही काकांची एकुलती एक लेक. दिली होती तिकडं जतच्या बाजूला, कोरडवाहू जोंधळ्याच्या मुलखात. लग्नाला तीन महिने झाले नाहीत तोच जावई लढाईवर गेला. घरात उरली म्हातारी सासू, म्हातारा सासरा आणि शालन. पहिल्या वर्षी काका पंचमीला मुराळी म्हणून तिला माहेरी न्यायला गेले. आगगाडी, मग धाकटी आगगाडी, मग बैलगाडी, असे जायला दोन दिवस आणि यायला दोन दिवस. सासू म्हणाली, "चार दिवस नुसते वाटंत गेल्यावर हितं पानी कोन भरील? एका दिवसात न्यायची नि एका दिवसात आनून सोडायची सोय असंल तर पाठवते." काका तसेच परत आले. दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षी तेच. मावशी पंचमीच्या दिवशी चुलीपुढं बसून पुरणाची दिंडं उकडायची आणि एकही स्वतः खायची नाही. चौथ्या वर्षी काकांनी पागोटं डोक्यावर घातलं, मला साताऱ्याहून बोलावून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, चला सांगलीला. एका दिवसात जतला जाईल असं जनावर घ्यायचं हाय."

सांगलीत एका वकिलांकडं जुनी मोटार विकायला होती. कुठल्या कंपनीची ते वकिलांना सांगता येईना, कारण नावाची पाटी केव्हाच पडली होती. वरचं कापडी टप फाटलेलं, एक दिवा शाबूत, दुसऱ्याच्या जागी नुसतं भोक. काकांनी तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. मागच्या बाजूला थाप मारली. खाली वाकून पोट पाहिलं. चारी टायर दाबून पाहिले आणि "डाव्या अंगाला लंगडती" असं मला हळूच सांगितलं. मग वकिलांना विचारलं, "खोड काय हाय?" वकील गोंधळले. बैल विकताना त्याची खोड लपवू नये असा बाजाराचा कायदा आहे हे त्यांच्या कुठल्या पुस्तकात नव्हतं. ते म्हणाले, "तशी शांत आहे." एवढ्यावर काकांचं समाधान झालं. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, आपल्या हातावर टाकला आणि वकिलांचा हात त्याखाली ओढून घेतला.

बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. टॉवेलाखाली बोटं धरायची, जितकी बोटं तितके शेकडे, आणि बघणाऱ्यांना काही कळू द्यायचं नाही. काकांनी वकिलांची तीन बोटं धरून दाबली. वकिलांना वाटलं, खेडवळ माणूस आहे, प्रेमानं हात हातात घेतोय. तेही हसून मान डोलवत म्हणाले, "बरं, बरं." झालं. काका टॉवेल झटकून मोकळे झाले, "सौदा तुटला", म्हणजे पक्का झाला, असं चारचौघांत जाहीर केलं आणि कनवटीचे तीनशे रुपये काढून वकिलांच्या हातावर ठेवले. वकील पाचशे धरून बसले होते. त्यांनी तोंड उघडलं, पण अशिलांसमोर "मला बोटं कळली नाहीत" असं कबूल करायला ते धजावले नाहीत. हात धुऊन मोकळं व्हायची त्यांनाही घाई असावी, हे मला पुढं कळलं. पहिलं हँडल मी मारलं आणि ते उलटं फिरून माझ्या मनगटावर असं बसलं की पंधरा दिवस मला फळ्यावर लिहिता आलं नाही. काका मात्र खूश. "मारकं जनावर कामाला चांगलं असतं," म्हणाले.

मोटार रहिमतपुरात आली तेव्हा मावशीनं तिच्या चारी टायरांवर पाणी घातलं, कपाळाला, म्हणजे जिथं कपाळ असावं असं वाटलं तिथं, हळदकुंकू लावलं आणि भाकरीचा तुकडा ओवाळला. तो तिला भरवायचा कुठं हा पेच पडला. शेवटी बॉनेटवर ठेवला आणि शेजारच्या शेळीनं खाल्ला. एका डोळ्याची म्हणून तिचं नाव पडलं चंद्री. तिची जागा गोठ्यात, बैल आणि म्हशी यांच्या मधोमध. पुढच्या बंपरला दावं बांधून ते खुंट्याला अडकवलेलं असायचं. "काका, ती कुठं जाणार आहे?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "जाणार न्हाई. पण आपण बांधून ठिवलेलं बरं, तिलाबी आपण कुणाचं हाय ते कळतं."

तिच्या खाण्यापिण्याची, विश्रांतीची आणि दुखण्याखुपण्याची व्यवस्था पलटणीच्या शिस्तीनं व्हायची. दुपारी बारा ते तीन ती जुपायची नाही. अमावस्येला तर नाहीच नाही. एकदा खुद्द मामलेदारांना कोरेगावला तातडीनं जायचं होतं, त्यांनी शिपाई पाठवला, तर काका शांतपणे म्हणाले, "सायेबांना सांगा, आज अमावस्या, आज औत धरत न्हाईत." मामलेदार टांग्यानं गेले. बेंदराला बैलांच्या शिंगांचा रंग उरला तो चंद्रीच्या मडगार्डांना लागला. स्प्रिंगा कुरकुरल्या की संधिवात झाला म्हणून गरम तेलानं चोळण. एकदा तिच्या पोटातून घरघर ऐकू यायला लागली. काकांनी कान लावून ऐकलं, "पोट साफ न्हाई" असं निदान केलं आणि इंजिनात शेरभर एरंडेल ओतलं. मी हात जोडले. पण कशी कोण जाणे, त्यानंतर आठ दिवस ती अशी पळाली की बस्स. फक्त ती गेली त्या गल्लीत तासभर बाळंतिणीच्या खोलीसारखा वास यायचा आणि लोक खिडक्या लावून घ्यायचे.

हाकण्याच्या बाबतीत तर मी काही बोलूच नये. ते चक्राला चक्र न म्हणता कासरा म्हणायचे. थांबायचं असलं की आधी तोंडानं "हो, हो, हो" करायचे आणि ती ऐकत नाही असं दिसल्यावर मग ब्रेक दाबायचे. तेवढ्यात आम्ही दहा-बारा हात पुढं गेलेले असायचो. कोरेगावच्या बाजारात या "हो, हो" मध्ये आम्ही कांद्यांच्या ढिगात शिरलो. बागवान शिव्या देत धावून आला, तर काका उतरून चंद्रीलाच रागावले, "कांदा बघितला की सुटलीच बघा ही." चढ आला की सगळ्यांनी उतरायचं, कारण जनावराला चढाला ओझं देऊ नये. उतार आला की पुन्हा उतरायचं, कारण ब्रेकचा भरवसा नव्हता. म्हणजे मोटारीत बसायचं ते फक्त सपाटीला, आणि आमच्या भागात सपाटी ती किती?

इतकं सगळं झालं, पण मूळ कामाचं काय? पहिल्या वर्षी आम्ही पंचमीच्या दोन दिवस आधी निघालो आणि येरळेच्या पात्रात वाळूत रुतलो. मी ढकलायला धावलो, तर काकांनी अडवलं. "दमली हाय. दम खाऊ द्या तिला." तिनं दम खाल्ला तोवर वरच्या अंगाला पाऊस होऊन नदीला पाणी आलं. तीन बैलजोड्या लावून गाववाल्यांनी चंद्रीला बाहेर काढलं, आणि ती सुकून चालू होईपर्यंत पंचमी होऊन गेली होती. आम्ही नदीकाठच्या देवळात बसून मावशीनं शालनसाठी दिलेली शिदोरी खाल्ली. काकांनी आपला वाटा तसाच फडक्यात बांधून ठेवला. महिन्यानं शालनचं पत्र आलं. तिनं लिहिलं होतं, "तुम्ही निघाला होता एवढं कळलं. तेवढ्यानंही बरं वाटलं." काकांनी ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि गोठ्यात जाऊन बसले.

पुढच्या वर्षी लढाई संपली होती, पण पेट्रोलची कुपनं संपली नव्हती आणि जावईही परत आला नव्हता. साताऱ्याच्या कचेरीत कुपनाच्या अर्जावर कारण लिहावं लागे. मी लिहिलं, 'मुलीस माहेरी आणणे.' कारकून चष्म्यावरून बघत म्हणाले, "हे काही अत्यावश्यक काम होत नाही." काकांनी विचारलं, "सायेब, लेकी किती तुमाला?" ते म्हणाले, "दोन." "कुठं दिल्यात?" "एक इथंच आहे. एक तिकडं इंदूरला." "इंदूरची कवा आली व्हती?" कारकून दौतीत टाक बुडवत बसले आणि मग अर्जावर शिक्का मारला. मागितली होती त्यापेक्षा दोन कुपनं जास्तच मिळाली.

या खेपेला काकांनी बेत पक्का केला. चंद्रीसाठी पाण्याचे दोन डबे घेतले, आणि स्वतःसाठी रहिमतपूरच्या आडाचं पाणी भरून एक तांब्याची कळशी, तोंडाला फडकं बांधून. ही कळशी कशाला, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडं कीव करावी असं पाहिलं. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा त्यांच्या घरचा नेम. पहिल्या मुराळीपणापासून ते शालनच्या दारातून कोरडेच परत येत होते. येरळा ओलांडली, तासगावला मुक्काम केला, सकाळी कवठेमहांकाळ मागं टाकलं आणि पुढं तो उघडा, रखरखीत मुलूख सुरू झाला. आमच्याकडं श्रावणझड लागलेली आणि इथं ढग नुसते वरून चाललेले. चंद्रीची पाण्याची टाकी उकळायला लागली. पहिला डबा गेला, दुसरा गेला. ढालगावच्या पुढं काकांनी न बोलता कळशीचं फडकं सोडलं आणि आपलं प्यायचं पाणी तिला पाजलं. "आपल्याला तहान दाबता येती. मुक्या जनावराला न्हाई," म्हणाले.

तीन वाजून गेल्यावर आम्ही शालनच्या दारात पोचलो तेव्हा चंद्री वाफा सोडत होती आणि काकांची जीभ टाळ्याला चिकटली होती. शालन दारातच उभी होती. पाच वर्षांत ती इतकी वाळली होती की मला पटकन ओळखू आली नाही. तिच्या सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. मी घटाघटा प्यायलो. काकांनी हात जोडले. सासूबाईंच्या कपाळाला आठी पडली. मग मी म्हणालो, "थोडं पाणी गाडीलाही लागेल. ते घातलं की लगेच निघतो, म्हणजे उद्या पंचमीला पोचू."

"गाडीला न्हाई घालायचं," काका म्हणाले.

मला वाटलं, उन्हानं काही झालं यांना. "काका, टाकी कोरडी आहे. पाण्याशिवाय ती मैलभरही जायची नाही."

"गाडी कुणाची? माझी. माझ्या दावणीचं जनावर लेकीच्या घरचं पाणी कसं पिईल?" आणि त्यांनी रिकामे डबे उचलले. "दुसऱ्याचा आड बघू."

दुसऱ्याचा आड तीन मैलांवर होता. त्या वस्तीवर पाणी टिकून होतं ते फक्त याच घरच्या विहिरीला. पण सासूबाईंना मैलांचं सोयरसुतक नव्हतं, त्या वेगळ्याच कारणानं पेटल्या होत्या. त्या बाजूला बोलण्यात कानडी सहज येतं, पाण्याला त्या 'नीर' म्हणाल्या. "पावनं, हितं कुनी तूप मागितलं तर देत्यात. नीर मागितलं तर त्वांड फिरवत्यात. मी तुमाला नीर दिलं, तुमी नको म्हनला, सोसलं. आता तुमच्या डबड्यालाबी चालत न्हाई व्हय? माझ्या घरच्या नीराला एवढं काय लागलंय? मग ज्या घरचं नीर चालत न्हाई, त्या घरची सून तरी कशाला नेता? ऱ्हाऊ द्या तिला हितंच."

माझं तर धाबं दणाणलं. तीनशे रुपये, दोन वर्षं, एरंडेल, कुपनं, येरळा, सगळं एका तांब्याभर पाण्यापायी बुडत होतं. काका डबे हातात घेऊन तसेच उभे. नेम मोडवेना आणि लेक सोडवेना. पलटणीत गोळीबारात उभा राहिलेला माणूस, पण त्या अंगणात त्याला पाऊल पुढं टाकता येईना की मागं.

शालन आत गेली आणि भरलेली घागर डोक्यावर घेऊन बाहेर आली. सरळ चंद्रीपाशी गेली. पदराचा बोळा करून तिनं टाकीचं झाकण फिरवलं आणि घागर वाकडी केली. पाणी गडगडत आत गेलं. घागर रिकामी झाल्यावर तिनं झाकण लावलं, हात पुसले आणि बापाकडं वळली.

"आबा, तुमची चंद्री प्याली माझ्या घरचं पाणी. आता तिला गोठ्यात घेणार का बाहेर बांधणार?"

काका टाकीच्या झाकणाकडं बघत राहिले.

"हे तीन म्हैनं घरात व्हते. मग लढाईवर गेले. सरकार सोडीना, ते येईनात. मला मूल कुठनं व्हायचं? ते लढाईला जाणार, तुमी तहानलेलं उठणार, आन् माप माझ्या पदरात." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "आन् कवाच न्हाई झालं तर? जलमभर माझ्या दारातनं असंच कोरडं जाणार व्हय, आबा?"

मी खाली बघायला लागलो. सासूबाईसुद्धा खांबाला टेकून उभ्या होत्या. काकांनी डबे खाली ठेवले. पागोटं काढून हातात घेतलं. इतकी वर्षं तो नेम त्यांनी लेकीच्या मानासाठीच पाळला होता. तो तिला एवढा टोचत असेल हे त्यांच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं, आणि ते त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. चंद्रीच्या पोटातली घरघर ऐकणारा माणूस तो, पण हे त्याला ऐकू आलं नव्हतं. मला त्यांची फार दया आली.

"आन," काका एवढंच म्हणाले.

शालननं तांब्या दिला. त्यांनी तो तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला. दुसरा मागितला. तिसऱ्याला थोडं मिशांवरून सांडलं तर सासूबाई म्हणाल्या, "सांडू नका, हितं मोलाचं असतंय," आणि स्वतः चौथा भरायला आत गेल्या. जाताना मला सांगून गेल्या की हे गावात बोलायचं नाही, पावण्यांचा नेम मोडल्याचं कुणाला कळायला नको.

त्या वर्षी शालन पंचमीला रहिमतपुरात होती. सकाळी उशिरा पोचली, पण पोचली. मावशीनं तिला वेशीपासून घरापर्यंत हाताला धरून आणलं आणि चंद्रीकडं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. कबूल केल्याप्रमाणं आठव्या दिवशी काकांनी तिला परत नेऊन सोडलं. त्यानंतर चंद्री आणखी दोन पंचम्या चालली आणि मग गोठ्यातच बसली. काकांनी ती विकली नाही. म्हाताऱ्या जनावराला बाजार दाखवायचा नसतो म्हणाले. आता काका नाहीत, मावशी नाही, आणि त्या गोठ्याच्या जागी मोठं घर उभं राहिलं आहे.

जावई परत आला तो त्या पंचमीनंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, आणि त्यानंतर दोन वर्षांनी शालनला मुलगा झाला. बारशाला आम्ही सगळे जतला गेलो होतो. तोवर काकांनी त्या विहिरीचं किती पाणी प्यायलं असेल याचा हिशेब नाही. वर्षातून चार वेळा काहीतरी निमित्त काढून जायचे, ओसरीवर टेकायच्या आत "शालन, पानी आन गं" म्हणायचे. पण हे ठाऊक होतं ते आम्हा घरच्यांनाच. पाळणा झाल्यावर गावातली एक जख्ख म्हातारी पुढं आली आणि भरल्या घरात म्हणाली, "पावनं, आता नातवाचं त्वांड बघितलं. आता लेकीच्या घरचं पानी प्यायला तुमी मोकळं." सगळे काकांकडं बघायला लागले. शालननं तांब्या आणून दोन्ही हातांनी पुढं केला. सासूबाई पाळण्याची दोरी नीट करत राहिल्या. काका उठून उभे राहिले, डोक्यावरचं पागोटं सारखं केलं, आणि पहिल्यांदाच चाखतोय अशा बेतानं त्यांनी हळूच एक घोट घेतला.

"ग्वाड हाय की पानी," ते म्हणाले.